देश नकाशावरून पुसले गेले. खेळ मात्र उरला

रोम, २९ जून १९९१. युरोपीय पुरुष बास्केटबॉल अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम लढतीत युगोस्लाव्हियाने यजमान इटलीला ८८-७३ असे नमवले आणि विजेतेपद स्वतःकडेच राखले. खेळाडूंच्या गळ्यात सुवर्णपदके पडली. मात्र ज्या देशाच्या नावाने ती मिळाली, तो देश त्याच आठवड्यात दुभंगला होता. स्पर्धा सुरू असतानाच, २५ जून रोजी, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली होती. दोनच दिवसांत स्लोव्हेनियात युगोस्लाव्ह लष्कर आणि स्थानिक दले यांच्यात चकमकी सुरू झाल्या. संघातील स्लोव्हेनियन खेळाडू युरी झ्दोव्त्स याला मायदेशाच्या सरकारकडून संघ सोडण्याचा निरोप आला आणि उपांत्य लढतीपूर्वीच तो बाजूला झाला. युगोस्लाव्हियाच्या संयुक्त संघाची ती अखेरची मोठी स्पर्धा ठरली.

त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघराज्यही संपुष्टात आले. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये अमेरिकेला सातत्याने आव्हान देणारे हे दोनच संघ होते. सहा महिन्यांच्या आत दोन्ही नाहीसे झाले. त्यानंतर या खेळाचे काय झाले, याचा मागोवा घेतला तर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. राज्यकर्त्यांनी उभारलेल्या सीमा आणि झेंडे बदलले. पण क्लब, प्रशिक्षक आणि खेळण्याची पद्धत यांतून घडलेली परंपरा टिकली. मात्र तिची किंमत त्या पिढीच्या खेळाडूंनी मोजली.

सोव्हिएत गणवेशातील लिथुआनिया

लिथुआनियाचे बास्केटबॉल सोव्हिएत राजवटीहून जुने आहे. पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा १९३५ मध्ये जिनिव्हा येथे झाली आणि ती शेजारच्या लाटव्हियाने जिंकली. १९३७ आणि १९३९ ची अजिंक्यपदे लिथुआनियाने पटकावली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघातील फ्रँक लुबिन हा लिथुआनियन वंशाचा खेळाडू. तो आईवडिलांच्या देशात आला आणि १९३९ च्या विजेत्या संघाचा आधारस्तंभ ठरला. पुढच्याच वर्षी सोव्हिएत फौजा देशात शिरल्या आणि लिथुआनियाचा स्वतंत्र संघ पन्नास वर्षांसाठी इतिहासजमा झाला.

खेळाडू मात्र घडत राहिले. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेला ५१-५० असे हरवले. ऑलिम्पिकमधील सलग ६३ विजयांनंतर अमेरिकेचा तो पहिला पराभव होता. अखेरची तीन सेकंदे पुन्हा खेळवण्यात आल्याने तो सामना आजही वादग्रस्त मानला जातो. अमेरिकेच्या खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारलीच नाहीत. जग ज्याला 'रशियन' संघ म्हणत होते, त्याचा कर्णधार मोदेस्तास पाउलाउस्कास लिथुआनियन होता. निर्णायक लांब पास देणारा इव्हान एदेश्को बेलारूसचा होता, तर मिखेइल कोर्किया आणि झुराब साकांदेलिद्झे जॉर्जियाचे होते.

१९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये हे चित्र अधिक ठळक झाले. उपांत्य फेरीत अमेरिकेला ८२-७६ आणि अंतिम फेरीत युगोस्लाव्हियाला ७६-६३ असे हरवणाऱ्या सोव्हिएत संघाचा कणा चार लिथुआनियन खेळाडूंचा होता : अर्व्हिदास साबोनिस, शारूनास मार्चुलियोनिस, रिमास कुर्तिनाइतिस आणि व्हाल्देमारास होमिचुस. त्याआधी कौनास शहरातील झाल्गिरिस क्लबने मॉस्कोच्या लष्करी क्लबला, सीएसकेएला, मागे टाकत १९८५ ते १९८७ अशी सलग तीन वर्षे सोव्हिएत विजेतेपद मिळवले होते. ज्या देशात राजकीय असंतोष उघड बोलून दाखवणे धोक्याचे होते, तिथे या विजयांना खेळापलीकडचा अर्थ होता, हे सांगायला नकोच.

अखेरच्या क्रमांकापासून शिखरापर्यंत

युगोस्लाव्हियाची कथा वेगळी आहे. १९५० मध्ये अर्जेंटिनात झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत हा संघ दहा संघांत अखेरचा आला होता. त्या संघातील बोरिस्लाव्ह स्टान्कोविच आणि त्याचे समकालीन नेबोयशा पोपोविच, रादोमिर शापेर व अलेक्सांदर निकोलिच या चौघांनी पुढे प्रशिक्षक व संघटक म्हणून देशातील बास्केटबॉलची पायाभरणी केली. त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी, १९७० मध्ये, ल्युब्लियाना येथे युगोस्लाव्हिया जगज्जेता झाला. १९७८ आणि १९९० मध्ये त्याने या यशाची पुनरावृत्ती केली. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये इटलीला ८६-७७ असे हरवून त्याने सुवर्णपदकही मिळवले. भारताचा पुरुष संघ ऑलिम्पिकमध्ये एकदाच खेळला आहे, तो याच स्पर्धेत. बहिष्कारामुळे अनेक देशांनी माघार घेतल्याने भारताला ही संधी मिळाली होती.

या यशाचे मर्म प्रशिक्षणपद्धतीत होते. उंच खेळाडूने केवळ बास्केटखाली उभे राहून रिबाउंड घ्यावेत, ही समजूत येथे मोडीत निघाली. उंची कितीही असो, प्रत्येकाला ड्रिबल, पास आणि दुरून अचूक फेक यायलाच हवी, असा आग्रह होता. सुमारे सात फूट उंचीचा क्रेशिमिर चोसिच हा सेंटर असूनही कुशल गार्डप्रमाणे पास देत असे. पुढच्या पिढीतील टोनी कुकोच हाही त्याच मुशीतला. साग्रेब, बेलग्रेड, स्प्लिट, झादार, साराजेव्हो, ल्युब्लियाना अशा निरनिराळ्या शहरांतील क्लबांमध्ये चुरस होती आणि राष्ट्रीय संघात तेच प्रतिस्पर्धी एकत्र येत. या विविधतेतून संघाचे सामर्थ्य उभे राहिले होते. पुढे फूटही तिच्याच रेषांवर पडली.

एका झेंड्याची किंमत

१९९० च्या ऑगस्टमध्ये ब्युनोस आयर्स येथे सोव्हिएत संघाला ९२-७५ असे पराभूत करून युगोस्लाव्हिया तिसऱ्यांदा जगज्जेता झाला. जल्लोष सुरू असताना एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात शिरला. सर्बियाच्या व्लादे डिव्हाचने तो त्याच्या हातून हिसकावून घेतला. हा विजय साऱ्या युगोस्लाव्हियाचा आहे, एका प्रजासत्ताकाचा नव्हे, अशी डिव्हाचची भूमिका होती. पण वातावरण आधीच तापलेले होते. डिव्हाच एका रात्रीत सर्बियात नायक आणि क्रोएशियात खलनायक ठरला.

संघातील त्याचा जिवलग मित्र, क्रोएशियाचा ड्राझेन पेत्रोविच, त्याच्यापासून दुरावला. दोघेही १९८९ मध्ये एकाच वेळी अमेरिकेतील एनबीए लीगमध्ये दाखल झाले होते. परक्या देशातील पहिल्या वर्षी त्यांनी एकमेकांना आधार दिला होता. नंतर मात्र बोलणे जवळजवळ थांबले. युद्ध संपल्यावर समेट होईल, अशी डिव्हाचला आशा होती; परंतु ७ जून १९९३ रोजी जर्मनीतील मोटार अपघातात वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी पेत्रोविचचा मृत्यू झाला. अनेक वर्षांनी डिव्हाच साग्रेबला गेला, पेत्रोविचच्या आईला भेटला आणि मित्राच्या समाधीवर त्याने श्रद्धांजली वाहिली. २०१० मध्ये प्रदर्शित झालेल्या 'वन्स ब्रदर्स' या माहितीपटात ही भेट टिपलेली आहे.

बार्सिलोनातील नवे झेंडे

एनबीएतील व्यावसायिकांना आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे दार उघडण्याचा निर्णय जागतिक बास्केटबॉल महासंघाने, म्हणजेच 'फिबा'ने, एप्रिल १९८९ मध्ये घेतला. त्यासाठी पाठपुरावा करणारे महासचिव होते तेच बोरिस्लाव्ह स्टान्कोविच. या निर्णयामुळेच १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड यांचा 'ड्रीम टीम' म्हणून गाजलेला संघ उतरू शकला. पण तोवर स्टान्कोविच यांचा देश या स्पर्धेत नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मे १९९२ मध्ये लादलेल्या निर्बंधांमुळे सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो यांच्या उरलेल्या युगोस्लाव्हियाच्या संघाला बाहेर राहावे लागले.

स्वतंत्र देश म्हणून प्रथमच उतरलेल्या क्रोएशियाने पेत्रोविच, कुकोच आणि दिनो राजा यांच्या बळावर अंतिम फेरी गाठली. तिथे अमेरिकेने ११७-८५ असा विजय मिळवला. तरीही पूर्वार्धात काही क्षण क्रोएशिया २५-२३ असा पुढे होता.

लिथुआनियाचा संघ तर जवळजवळ वर्गणीवर उभा राहिला. नव्या सरकारकडे पैसा नव्हता. अमेरिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून खेळणाऱ्या मार्चुलियोनिसने निधी जमवण्यासाठी पुढाकार घेतला. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'ग्रेटफुल डेड' या रॉक वाद्यवृंदाने त्याला मदत केली आणि राष्ट्रध्वजाच्या पिवळ्या, हिरव्या, लाल रंगांतील टी-शर्टही दिले. उपांत्य फेरीत लिथुआनिया अमेरिकेकडून १२७-७६ असा हरला. त्यानंतर कांस्यपदकासाठी गाठ पडली ती पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संयुक्त संघाशी. चार वर्षांपूर्वी सोलमध्ये साबोनिसच्या बरोबरीने सुवर्णपदक जिंकणारा अलेक्झांडर व्होल्कोव्ह आता समोरच्या बाजूला होता. लिथुआनियाने ही लढत ८२-७८ अशी जिंकली. रंगीबेरंगी टी-शर्ट घालूनच त्याचे खेळाडू पदक घेण्यास गेले. सोलचे सुवर्ण त्यांनी दुसऱ्याच्या झेंड्याखाली मिळवले होते. बार्सिलोनाचे कांस्य त्यांच्या स्वतःच्या देशाचे होते.

प्रत्येकाच्या वाट्याला असा आनंद आला नाही. १९८० च्या सुवर्णपदक विजेत्या संघातील बोस्नियाचा मिर्झा देलिबाशिच युद्धकाळात वेढा पडलेल्या साराजेव्होतच राहिला. १९९३ च्या युरोपीय स्पर्धेत उतरलेल्या बोस्नियाच्या पहिल्या राष्ट्रीय संघाचा तो प्रशिक्षक होता. निर्बंध उठल्यावर १९९५ मध्ये अथेन्सच्या युरोपीय स्पर्धेत युगोस्लाव्हिया परतला आणि लिथुआनियाला ९६-९० असे हरवून विजेता ठरला. त्या वेळी तिसरा आलेला क्रोएशियाचा संघ, युगोस्लाव्हियाला पदके देण्यापूर्वीच, पदक मंचावरून उतरून निघून गेला. पाच वर्षांपूर्वीचे सहकारी एकमेकांच्या राष्ट्रगीतासाठी उभे राहण्यासही तयार नव्हते.

वारसा कोणाकडे गेला?

एका मोठ्या संघाचे तुकडे झाल्यावर ते दुबळे होतील, हा अंदाज खोटा ठरला. लहानशा उरलेल्या युगोस्लाव्हियाने १९९८ आणि २००२ ची जागतिक अजिंक्यपदे जिंकली. २००२ मध्ये इंडियानापोलिस येथे त्याने एनबीए खेळाडूंच्या अमेरिकी संघाला त्यांच्याच भूमीवर उपांत्यपूर्व फेरीत ८१-७८ असे हरवले. सुमारे तीस लाख लोकसंख्येच्या लिथुआनियाने १९९२, १९९६ आणि २००० अशा सलग तीन ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. सिडनी ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत शारूनास यासिकेव्हिचियुसची अखेरची तीन गुणांची फेक हुकली नसती, तर अमेरिकेला ८५-८३ असा निसटता विजयही मिळाला नसता. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधील साखळी लढतीत आणि २०२३ च्या विश्वचषकात लिथुआनियाने अमेरिकेला प्रत्यक्ष हरवूनही दाखवले.

२०१७ मध्ये इस्तंबूल येथे युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीत स्लोव्हेनियाने सर्बियाला ९३-८५ असे नमवले. गोरान ड्रागिच आणि अठरा वर्षांचा लुका डॉन्चिच या विजयाचे शिल्पकार होते, आणि स्लोव्हेनियाचे प्रशिक्षक इगोर कोकोश्कोव्ह हे सर्बियाचे! १९९१ मध्ये झ्दोव्त्सला निरोप धाडणाऱ्या देशाने २६ वर्षांनी मिळवलेल्या या यशात जुन्या सहवासाचा वाटा असा उरलेला होता. सर्बियानेही २०२३ च्या विश्वचषकात रौप्य आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. पॅरिसच्या संघातील निकोला योकिच सेंटरच्या जागी खेळतो आणि सारा डाव आपल्या पासवर चालवतो. चोसिचचा खेळ पाहिलेल्यांना त्यात काही अनोळखी वाटू नये.

राष्ट्रीय संघ हे राष्ट्राचे प्रतीक असते, असे मानले जाते. या दोन संघांचा अनुभव त्यापुढचे काही सांगतो. राज्य काही महिन्यांत मोडू शकते. परंतु एका पिढीने दुसऱ्या पिढीला हाताला धरून शिकवलेला खेळ इतक्या सहज मोडत नाही. मैत्री मात्र मोडते आणि ती जुळवायला कधी कधी वेळच उरत नाही.

दृष्टिक्षेपात : प्रमुख यश

सोव्हिएत संघराज्य (१९९१ पर्यंत) : ऑलिम्पिक सुवर्ण १९७२, १९८८, जागतिक अजिंक्यपद १९६७, १९७४, १९८२.

युगोस्लाव्हिया (१९९१ पर्यंत) : ऑलिम्पिक सुवर्ण १९८०, जागतिक अजिंक्यपद १९७०, १९७८, १९९०.

युगोस्लाव्हिया (सर्बिया व मॉन्टेनेग्रो) : जागतिक अजिंक्यपद १९९८, २००२, ऑलिम्पिक रौप्य १९९६.

लिथुआनिया : युरोपीय अजिंक्यपद १९३७, १९३९, २००३, ऑलिम्पिक कांस्य १९९२, १९९६, २०००, जागतिक स्पर्धेत कांस्य २०१०.

क्रोएशिया : ऑलिम्पिक रौप्य १९९२; जागतिक स्पर्धेत कांस्य १९९४.

रशिया : युरोपीय अजिंक्यपद २००७, ऑलिम्पिक कांस्य २०१२.

स्लोव्हेनिया : युरोपीय अजिंक्यपद २०१७.

सर्बिया : ऑलिम्पिक रौप्य २०१६, कांस्य २०२४, जागतिक स्पर्धेत रौप्य २०१४, २०२३.