कोबा वाळत नाही!

काही वर्षांपूर्वी आम्ही अंगणातल्या कोब्याचा फुटलेला भाग दुरुस्त करून घेतला. गवंडीकाकांनी जुन्या कडा ओल्या केल्या, सिमेंट, वाळू आणि खडीचा माल भरला आणि बजावले, ‘‘सात दिवस पाणी मारा, वर ओले गोणपाट ठेवा.’’ दोन दिवसांत माल कडक दिसू लागला. आता तो नीट वाळू द्यावा, म्हणून आम्ही पाणी थांबवले. मे महिन्याचे ऊन होते. थोड्याच दिवसांत वरून पूड निघू लागली. विज्ञान शिकूनही आम्ही एक गोष्ट विसरलो होतो: सिमेंट वाळून घट्ट होत नाही. मग कशाने होते?

१७५६ मध्ये जॉन स्मीटन हे इंग्रज अभियंते एडिस्टन खडकावर दीपगृह बांधण्याच्या तयारीत होते. काम भर समुद्रातले. साधा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे घट्ट होतो. पाण्याखाली तो मऊच राहतो. स्मीटन यांनी निरनिराळे चुनखडक तपासले. पाण्यातही घट्ट होणारा चुना ज्यांपासून मिळे, ते खडक नायट्रिक आम्लात विरघळवले की मागे चिकणमाती उरे. आपण जिला भेसळ म्हणू, तीच कामाची होती!

१८२४ मध्ये लीड्सचे गवंडी जोसेफ अ‍ॅस्पडिन यांनी चुनखडक व चिकणमाती एकत्र भाजून केलेल्या सिमेंटचे पेटंट घेतले. ते पोर्टलंडच्या दगडासारखे दिसते, म्हणून ‘पोर्टलंड सिमेंट’. पुढे भट्ट्या अधिक तापू लागल्या आणि आजचे सिमेंट तयार झाले.

त्यामागचे रसायनशास्त्र १८८७ मध्ये ल शातलिए यांनी आपल्या प्रबंधात मांडले. रासायनिक समतोलाच्या धड्यात भेटतात, तेच हे शास्त्रज्ञ. सिमेंटमधील कॅल्शियम सिलिकेट पाण्याशी संयोग पावते आणि नवी संयुगे एकमेकांत गुंतत जातात. म्हणजे पाणी हा सिमेंटच्या घडणीतला एक घटकच आहे. ते लवकर उडून गेले, की अभिक्रिया अर्धवट राहते. जुना कोरडा कोबाही नव्या मालातले पाणी शोषतो. म्हणून आधी कडा भिजवायच्या. अंगणात बसवायचे पेव्हर ब्लॉकसुद्धा आधी असेच ओले ठेवून पक्के करावे लागतात.

वर्गात एक प्रयोग करता येईल. एकाच मिश्रणाच्या दोन वड्या पाडा. हाताला सिमेंट लागू देऊ नका. दुसऱ्या दिवशी एक पाण्यात आणि एक उन्हात ठेवा. आठवड्याने दोन्हींवर खिळ्याने ओरखडा काढा. कोणती वडी टणक निघेल, याचा अंदाज मुलांना आधीच लिहून ठेवायला सांगा. बहुतेकांचा कल उन्हातल्या वडीकडे असेल. आमचाही तिकडेच होता.