रोजकीर्द ते जर्नल : आधी नोंद, मग फेरफार

कल्याणहून मुरबाड व सरळगाव मागे टाकून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर टोकावडे हे गाव लागते. येथून पुढे वैशाखरे, आणि वैशाखऱ्यापासून नाणेघाटाची चढण. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदरात उतरलेला माल याच मुलखातून जुन्नरच्या पेठेकडे चढत असे, आणि घाटमाथ्यावरील लेण्यात त्या राजकुळाने कोरविलेला, राणी नागनिकेच्या नावाने ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आजही भिंतीवर आहे. केलेल्या यज्ञांची नावे आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापणे यांचे आकडे त्या लेखात आहेत. भारतीय अंकलेखनाच्या अतिप्राचीन उपलब्ध पुराव्यांत त्यांची गणना होते, आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांचा साक्षेपाने अभ्यास केला. परंतु हा लेख यथासांग पार पडलेल्या कार्याचा आहे. जे घडून स्थिर झाले ते दगडावर चढले. जे घडत होते, अर्धे झाले होते, किंवा संकल्प होऊनही तडीस गेले नाही, त्याला दगडावर जागा नव्हती.

लेखनाचा दुसरा प्रकार याहून नम्र, परंतु राज्यकारभाराला अधिक आवश्यक असा आहे. त्यात चालू कार्याची नोंद कार्य तडीस जाण्यापूर्वीच, ज्या क्रमाने ते हाती घेतले त्या क्रमाने केली जाते, आणि मागाहून त्या नोंदीवरून पक्का हिशेब उभारला जातो. या प्रथेचा महाराष्ट्रातील इतिहास दीर्घ आहे, आणि आज संगणकाच्या डिस्कवर चालणारे ‘जर्नलिंग’ हे तत्त्वतः त्याच प्रथेचे रूप आहे. ऑपरेटिंग सिस्टीम इन्स्टॉल करताना जर्नलिंग मुळातच चालू असावे, की ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडावे, हा तंत्रज्ञांमधला वाद मला या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही; कारण नोंदीची सक्ती असावी की मुभा, हा प्रश्न आपल्या दफ्तरांनी फार पूर्वी हाताळलेला आहे.

पेशवाईत पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोनशेहून अधिक कारकून काम करीत. या दफ्तराचे चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर असे दोन मोठे भाग होते. चालत्या दफ्तरातील फडाकडे सनदा, हुकूम व जमाखर्च येत, आणि दिवसाचा दिवस त्यांची नोंद रोजकीर्दीत पडे. चांद्र तिथीचा ‘छ’ आणि सुहूर सन घालून केलेली ही नोंद विषयवार लावलेली नसे, ती केवळ कालक्रमाने असे. विषयवारी ही मागाहूनची पायरी होती. रोजकीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून तर्जुमे व ताळेबंद, आणि काम संपलेले कागद एकबेरजेत, अशी ती शिस्त होती. खतावणीत चूक झाली, पान गहाळ झाले अथवा लिहिणारा कारकून मध्येच बदलून गेला, तरी रोजकीर्द शाबूत असेपर्यंत खतावणी पुन्हा उभारता येई. याच्या उलट, नुसत्या खतावणीवरून तो दिवस कसा घडला हे सांगणे अशक्य होते. गणेश चिमणाजी वाड यांनी शाहू महाराजांच्या व पेशव्यांच्या रोजनिशीतून जे उतारे निवडले आणि जे विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले, त्यांच्या आधारे आपण आज अठराव्या शतकाचा कारभार दिवसवारीने वाचू शकतो, हे त्या क्रमाचेच देणे आहे.

महालोमहालीही हीच पद्धत होती. मामलेदाराच्या हाताखाली दिवाण, मजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस असे दरखदार असत. रोजचा हिशेब फडणिसाकडे असे. त्या रोजच्या वहीवरून खतावणी करणे आणि दरमहाचा गोषवारा हुजुरास पाठविणे हे दफ्तरदाराचे काम असे. पहिली नोंद करणारा एक, तीवरून पक्की वही बांधणारा दुसरा, आणि दोघांपैकी कोणालाही कामावरून दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नाही, कारण दरखदारांची नेमणूक वरून झालेली, अशी ही रचना होती. ‘आमच्या महालात काम थोडे, रोजची वही कशास?’ असे म्हणण्याची सोय कोणत्याही मामलेदारास ठेवलेली नव्हती. नोंद ही कारभाराची अट होती, आणि ती अट ज्याच्या कारभाराची तपासणी व्हायची त्याच्या हातात दिलेली नव्हती.

आणखी एक प्रथा येथे ध्यानात घेतली पाहिजे. मराठी राज्यात पत्राच्या मस्तकी मुख्य मुद्रा असे, आणि मजकूर संपला तेथे समाप्तीची लहान मुद्रा उमटे. शिवछत्रपतींच्या पत्रांवर ‘मर्यादेयं विराजते’ आणि पेशव्यांच्या पत्रांवर ‘लेखनसीमा’ असा तिचा मजकूर आढळतो. मजकूर येथे पूर्ण झाला, यापुढे कोणी काही जोडलेले ग्राह्य धरू नये, अशी तिची ग्वाही असे. मजकूर कितीही सुवाच्य असला तरी त्याच्या पूर्णतेचा दाखला मजकुराबाहेरच्या एका खुणेने द्यावा, हा विचार सूक्ष्म आहे, आणि त्याचा उपयोग पुढे डिस्कच्या चर्चेत दिसेल.

इंग्रजी अमलात जमिनीच्या कागदांना नवे वळण लागले. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी आली, आणि स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने तीच चौकट स्वीकारली. टोकावड्याचा शेतकरी आज जमीन विकत घेतो अथवा वडिलांच्या पश्चात वारस म्हणून अर्ज देतो, तेव्हा त्याचे नाव एकदम सातबारावर चढत नाही. आधी तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक देऊन नोंद धरतो. तिची प्रत चावडीत लावली जाते, हितसंबंधितांना नोटीस बजावली जाते, हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. आणि सक्षम अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच अधिकार अभिलेखात बदल होतो. सातबारावर त्या फेरफाराचा क्रमांक राहतो, म्हणून प्रत्येक नावाचा उगम मागे जाऊन तपासता येतो. मध्येच तलाठी बदलला तरी नव्या तलाठ्यास नोंदवही उघडताच कळते की अमुक नोंद प्रमाणित झाली, तिचा अंमल द्यावयाचा आहे, आणि अमुक नोंद अद्याप अपुरी आहे, तिच्यावरून सातबारास हात लावावयाचा नाही.

आता डिस्ककडे वळू. फाइल सिस्टीम हा डिस्कवरील महालाचा दफ्तरखानाच आहे: कोणती फाइल कोणत्या फोल्डरात आहे, तिचे तुकडे कोणत्या जागी पडले आहेत, कोणत्या जागा मोकळ्या आहेत, याच्या निरनिराळ्या वह्या तीत असतात. एक साधी फाइल नव्याने साठवावयाची म्हटली तरी यातील तीन-चार वह्यांत बदल करावा लागतो, आणि ते सारे बदल एकाच क्षणी होणे यंत्राला शक्य नसते. त्यांच्या अधेमध्ये वीज गेली, तर एक वही सांगते की जागा व्यापलेली आहे, दुसरी सांगते की ती कोणाचीच नाही. किंवा त्याहून वाईट, एकच जागा दोन फाइलींच्या नावे चढते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यात पावसाळ्यात वारा-पावसाने तारा तुटणे आणि वीज विनासूचना जाणे हे नित्याचे असल्याने हा धोका येथे पुस्तकी राहत नाही. पूर्वी यावर एकच इलाज होता: यंत्र पुन्हा सुरू होताना संपूर्ण डिस्क पहिल्या पानापासून तपासावयाची. युनिक्समध्ये हे काम ‘एफएससीके’ नावाची आज्ञा करी, आणि विंडोज ९८ वापरलेल्यांना ‘स्कॅनडिस्क’चा तो निळा पडदा आठवत असेल. डिस्क जसजशी मोठी झाली तसतशी ही झडती मिनिटांवरून तासांवर गेली.

जर्नलिंगने या झडतीची गरज टाळली. व्हावयाचे बदल आधी डिस्कवरील एका राखीव जागेत, जर्नलमध्ये, क्रमाने लिहावयाचे. ते सगळे लिहून झाल्यावर शेवटी समाप्तीची खूण उमटवावयाची. आणि मगच ते बदल त्यांच्या मूळ वह्यांत न्यावयाचे. वीज परत आल्यावर यंत्र फक्त जर्नल वाचते. ज्या नोंदीखाली समाप्तीची खूण आहे तिचा अंमल पुन्हा देते, जिच्याखाली ती नाही ती नोंद सोडून देते, आणि काही क्षणांत डिस्क सुसंगत स्थितीत येते. लेखनसीमेची मुद्रा पाहून पत्र पूर्ण मानणाऱ्या कारकुनाला किंवा प्रमाणित नोंदीवरूनच सातबारा बदलणाऱ्या तलाठ्याला यात काही समजावून सांगावे लागले नसते.

ही कल्पना प्रथम डेटाबेसच्या क्षेत्रात, १९७० च्या दशकात आयबीएमच्या ‘सिस्टीम आर’ या प्रकल्पासारख्या कामांतून परिपक्व झाली. फाइल सिस्टीममध्ये ती झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील ‘सीडार’मध्ये रॉबर्ट हॅगमन यांनी १९८७ साली वापरून दाखविली. १९९० साली आयबीएमची जेएफएस, १९९३ साली विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस, १९९४ साली सिलिकॉन ग्राफिक्सची एक्सएफएस असा तिचा प्रसार झाला. लिनक्ससाठी स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये आराखडा मांडला, त्यातून ईएक्सटी-३ जन्मास आली, आणि २००१ च्या ऑक्टोबरात रेड हॅट लिनक्स ७.२ ने ती मूळ निवड (डिफॉल्ट) केली. त्याच वर्षी विंडोज एक्सपीमुळे एनटीएफएस घरोघरी पोचली; २००३ मध्ये ॲपलने मॅक ओएस एक्स १०.३ पासून जर्नल मुळातच चालू ठेवले. अल्पावधीत जगातील बहुतेक वैयक्तिक संगणकांना रोजकीर्द मिळाली, आणि बहुतेक मालकांना ती मिळाल्याचे कळलेही नाही.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मात्र उपेक्षणीय नाही. एकच गोष्ट दोनदा लिहिल्याने वेळ जातो आणि फ्लॅश स्मृतीची झीज होते. ज्या डेटाबेसची स्वतःची पूर्वनोंद आहे त्याच्याखाली आणखी एक पूर्वनोंद हा दुप्पट खर्च आहे. तात्पुरत्या मजकुराच्या डिस्कला तिची गरजच नाही. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचा अनुभव याहून बोधप्रद आहे. तेथे मॅकक्युसिक व गँगर यांच्या ‘सॉफ्ट अपडेट्स’ या पद्धतीने, लेखनाचा क्रम कसोशीने सांभाळून, जर्नलाशिवायच डिस्क सुरक्षित ठेवली जात होती. उरलेली झडती टाळण्यासाठी तिला लहानसे जर्नल जोडण्यात आले, आणि जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या ९.० आवृत्तीच्या इन्स्टॉलरने ते मुळातच चालू केले. परंतु जर्नल चालू असताना त्या फाइल सिस्टीमचे स्नॅपशॉट घेता येत नसत, म्हणून चालू डिस्कची प्रत काढण्याची प्रस्थापित वहिवाट अडली. ही अडचण २०२३ मधील १३.२ आवृत्तीत दूर झाली. जे साधन सर्वांना न विचारता दिले जाते, त्याच्यामुळे दुसरे संरक्षण हिरावले जात नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी देणाऱ्यावर असते, हा या अकरा वर्षांचा धडा आहे.

उलट दिशेचा अनुभवही आहे. ईएक्सटी-३ मध्ये फाइलीचा मजकूर डिस्कवर गेल्याशिवाय तिची नोंद पक्की होऊ नये, असा नियम मूळ निवडीत होता. २००९ मध्ये लिनक्सच्या २.६.३० आवृत्तीत वेगासाठी तो शिथिल करण्यात आला. त्यामुळे ऐनवेळी यंत्र बंद पडल्यास नव्या फाइलीत पूर्वी पुसलेल्या कोणा दुसऱ्याच्या फाइलीचा जुना मजकूर उघड होण्याची शक्यता राहिली. आणि २०१० मध्ये २.६.३६ आवृत्तीने जुना कडक नियम पुन्हा मूळ निवड म्हणून आणला. वेग हा लाभ रोज मोजता येतो, सुरक्षितता हा लाभ क्वचित प्रसंगीच दिसतो. म्हणून दोहोंची तुलना करताना पहिल्याचे पारडे नेहमी खोटेपणाने जड भासते.

या इतिहासावरून माझे मत निश्चित झाले आहे. मूळ निवड ही जाणत्यासाठी नसते. जाणता आपली निवड बदलून घेतो, आणि तशी मुभा त्याला अवश्य असावी. मूळ निवड ही टोकावड्यातील सेवा केंद्रात दाखले काढून देणाऱ्या तरुणासाठी, शहापूरच्या शाळेतील लेखनिकासाठी, घरचा एकुलता एक लॅपटॉप अभ्यासाला वापरणाऱ्या मुलीसाठी असते. त्यांना जर्नल म्हणजे काय असे कोणी विचारलेले नसते, विचारावे अशी अपेक्षाही नसावी, आणि वीज गेल्यावर होणारे नुकसान मात्र संपूर्णपणे त्यांचेच असते. ज्याला विचारले गेले नाही त्याच्या वतीने निर्णय घेताना सावधपणाचा निर्णय घ्यावा, हे न्यायाचे तत्त्व आहे. आणि म्हणून जर्नलिंग मुळातच चालू असले पाहिजे.

परंतु त्याच सर्वांना हेही सांगितले पाहिजे की जर्नल प्रायः वह्यांची संगती राखते, मजकुराची हमी देत नाही. जे लिहून झालेच नव्हते ते परत येत नाही. डिस्कच निकामी झाली तर जर्नलही तिच्याबरोबर जाते. आणि ज्या पेनड्राइव्हवर दाखले इकडून तिकडे नेले जातात त्यांवर बहुधा एफएटी-३२ किंवा एक्सएफएटी असते, आणि या दोहोंत जर्नल नाही. यास्तव दुसऱ्या डिस्कवर दुसरी प्रत ठेवणे हे कर्तव्य जर्नलामुळे संपत नाही. हुजूर दफ्तरासही दरमहाचे गोषवारे महालोमहालीहून येत, ते रोजकीर्द होती म्हणून थांबत नसत. एका ठिकाणची नोंद आणि दुसऱ्या ठिकाणची प्रत ही दोन वेगळी संरक्षणे आहेत. यांपैकी पहिले यंत्राने न सांगता द्यावे, आणि दुसरे माणसाने न विसरता करावे.