इक्वेटोरियल माउंटची दुर्बीण : जोडणी आणि वापर

मंडळी, थँक्सगिव्हिंगच्या किंवा नाताळच्या सेलमध्ये मुलांसाठी घेतलेली दुर्बीण आपल्यापैकी बऱ्याच घरांत आहे, आणि त्यातल्या बऱ्याचशा सध्या गराजमध्ये धूळ खात आहेत. पहिल्या रात्री चंद्र दिसतो. दुसऱ्या रात्री गुरू महत्प्रयासाने सापडतो आणि मुलाला हाक मारेपर्यंत निसटतो. मग थंडी वाढते, मुलांचा उत्साह ओसरतो आणि "दुर्बीण स्वस्तातली होती" असा निकाल लागतो. बहुतेक वेळा दोष दुर्बिणीचा नसतो. तिच्या खालची जी वाकडी, दोन दांड्यांची आणि वजन लटकवलेली बैठक असते, म्हणजे इक्वेटोरियल माउंट, ती कशासाठी आहे हे कोणी सांगितलेले नसते. म्हणून हा लेख. उदाहरणे न्यू जर्सीची घेतली आहेत; इतरांनी आपापल्या गावाचा अक्षांश घालून वाचावे.

माउंट वाकडा का?

कॅमेऱ्याचा ट्रायपॉड वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतो. आकाश तसे फिरत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे सगळे तारे ध्रुव ताऱ्याजवळच्या एका बिंदूभोवती फिरताना दिसतात, दर चार मिनिटांना साधारण एक अंश. पूर्ण चंद्राची रुंदी जेमतेम अर्धा अंश आहे, त्यावरून हा वेग किती ते लक्षात येईल. नेहमीच्या १३० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीचे नाभीय अंतर ६५० मिलिमीटर असते. तिला १० मिलिमीटरचा आयपीस लावला की ६५ पट मोठे दिसते, पण आकाशाचा पाऊण अंशाचाच तुकडा समोर असतो. मधोमध आणलेला गुरू दीड-दोन मिनिटांत कडेबाहेर जातो.

साध्या ट्रायपॉडवर त्याचा पाठलाग करायला दोन्ही दिशांना सतत हलवावे लागते. इक्वेटोरियल माउंटची युक्ती अशी, की त्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर तिरका ठेवायचा. मग त्या एकाच अक्षावर हळूहळू फिरवले की ग्रह जागचा हलत नाही. या अक्षाला ध्रुवीय अक्ष म्हणतात, त्यावरची फिरत म्हणजे विषुवांश. त्याच्या काटकोनातल्या दुसऱ्या अक्षावरची फिरत म्हणजे क्रांती. ध्रुवीय अक्ष चुकीच्या दिशेला असेल तर हा माउंट साध्या ट्रायपॉडपेक्षाही त्रासदायक होतो. गराजमधल्या दुर्बिणींची गोष्ट बहुधा इथेच सुरू होते.

दिवसा, घरात करायची कामे

पहिली जोडणी अंधारात अंगणात करू नये. सोबतची पुस्तिका न वाचता थेट सुरुवात करायची हा आम्हा संगणकवाल्यांचा जुना बाणा, पण इथे क्रमाला महत्त्व आहे. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करू नका; जितके आखूड तितके स्थिर. मुलांनाही ते सोयीचे. त्यावर माउंट बसवा. मग वजनाची दांडी आणि तिच्यावर वजन. दांडीच्या टोकाचा छोटा स्क्रू विसरू नका, वजन घसरून पायावर पडू नये म्हणूनच तो असतो. नळी सर्वात शेवटी. उतरवताना उलट, आधी नळी, मग वजन. वजन आधी काढले तर नळी गपकन खाली येते आणि ट्रायपॉडच्या पायावर आपटते.

आता अक्षांश. माउंटच्या बाजूला अंशांची पट्टी आणि एक किंवा दोन मोठे स्क्रू असतात. दोन असतील तर एक सैल करत दुसरा आवळायचा. एडिसनसाठी साडेचाळीस, शिकागोसाठी ४२, ह्यूस्टनसाठी ३०, लंडनसाठी साडेएकावन्न, दुबईसाठी २५. पट्टी ढोबळ असते, एखाद-दोन अंशांनी चुकली तरी बिघडत नाही. सुट्टीत दुर्बीण पुण्याला नेणार असाल तर तिथे साडेअठरावर आणावी लागेल. गावाकडे ध्रुव क्षितिजाजवळ असायचा आणि इथे इतका वर का, याचे उत्तरही यातच आहे. ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश.

एकदा हा स्क्रू लावला की पुन्हा हात लावायचा नाही. दुर्बीण वर-खाली करण्यासाठी लोक सर्रास हाच स्क्रू फिरवतात, कारण तो हाताशी असतो आणि त्याने नळी खरोखरच वर-खाली होते. तसे केल्याक्षणी अक्ष चुकतो आणि पुढचा सगळा खटाटोप वाया जातो. आमच्या मते या स्क्रूवर सरळ चिकटपट्टी लावून टाकावी.

मग तोल. आयपीस आणि फाइंडर लावलेलेच असू द्या. विषुवांशाचा लॉक सैल करून वजनाची दांडी आडवी धरा, आणि हात काढल्यावर ती तशीच राहील इतके वजन पुढेमागे सरकवा. त्यानंतर क्रांतीचा लॉक सैल करून नळी कड्यांमध्ये पुढेमागे सरकवून तिचाही तोल साधा, एक हात मात्र नळीखाली ठेवूनच. तोल नसलेल्या माउंटचे गिअर अडकतात आणि झिजतात.

राहिला फाइंडर, म्हणजे वरची छोटी दुर्बीण किंवा लाल ठिपका. हे काम दिवसाच करा. अर्धा-एक मैलावरची पाण्याची टाकी किंवा विजेच्या मनोऱ्याचे टोक मोठ्या दुर्बिणीत कमी शक्तीच्या आयपीसने मधोमध आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्याही मध्यावर आणा. परावर्तक दुर्बिणीत चित्र उलटे दिसते, ते तसेच असते. फाइंडर जुळलेला नसेल तर आकाशात काहीही सापडत नाही. चंद्रसुद्धा शोधत बसावे लागते.

दिवसाच्या या कामात सूर्याच्या बाजूला दुर्बीण चुकूनही वळवू नका आणि मुलांना तिच्यासोबत एकटे सोडू नका. दुर्बिणीतून एक क्षणभर सूर्य पाहिला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो. २०१७ आणि २०२४ च्या ग्रहणांचे कागदी चष्मे अनेकांकडे उरले आहेत. ते घालून दुर्बिणीतून पाहणे तितकेच घातक आहे, कारण एकवटलेला प्रकाश तो चष्मा जाळून आत येतो. जुन्या संचांत आयपीसला लावायची छोटी काळी सौर काच यायची. ती उष्णतेने तडकते, सापडली तर फेकून द्या.

रात्री अंगणात

दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा. घरातली ऊब नळीत असेपर्यंत चित्र लहरत राहते. ट्रायपॉडवर उत्तरेची खूण असेल तर तो पाय उत्तरेकडे करा. होकायंत्राने अंदाज मिळतो, पण त्याची सुई खऱ्या उत्तरेला दाखवत नाही. न्यू जर्सीत ती साधारण १२ अंश पश्चिमेला झुकते, कॅलिफोर्नियाच्या बे एरियात साधारण तेवढीच पूर्वेला. सप्तर्षींच्या चौकोनाच्या टोकाच्या दोन ताऱ्यांवरून रेघ पुढे नेऊन ध्रुव शोधणे केव्हाही चांगले.

क्रांतीच्या चकतीवर ९० आणा, म्हणजे नळी ध्रुवीय अक्षाला समांतर होते. आता दोन्ही लॉक घट्ट ठेवून अख्खा ट्रायपॉड किंचित डावी-उजवीकडे फिरवत ध्रुव फाइंडरच्या मध्याजवळ आणा. उंचीत फरक असेल तर फक्त आताच अक्षांशाच्या स्क्रूला थोडे फिरवायला मुभा आहे. खरा ध्रुवबिंदू ताऱ्यापासून पाऊण अंशाहूनही कमी दूर आहे. फोटो काढायचे नसतील तर तेवढा फरक सोडून द्या.

यानंतर ट्रायपॉड हलवायचा नाही. दोन्ही लॉक सैल करा, नळी ग्रहाकडे वळवा, लॉक लावा, फाइंडरमध्ये पाहून लवचीक दांड्यांनी मधोमध आणा. पुढे फक्त विषुवांशाची दांडी हलकेच फिरवत राहायचे. क्रांतीची दांडी अधूनमधून एखादा वळसा, बस्स. काही माउंटवर ती ठरावीक मर्यादेतच फिरते. अडली तर जोर लावू नका, उलट फिरवून मध्यावर आणा आणि लॉक सोडून नव्याने रोखा. कधी नळी अशी वळते की आयपीस अगदी खाली किंवा पलीकडे जातो. अशा वेळी कडी सैल करून नळी स्वतःभोवती फिरवून घ्यावी. चकत्यांवरचे आकडे वाचून तारे शोधण्याच्या फंदात पडू नका, या आकाराच्या चकत्या शोभेच्याच.

मॉरिशसच्या वाचकांसाठी सगळे उलटे. पट्टीवर २०, पण अक्ष दक्षिणेकडे. दक्षिण ध्रुवाजवळ ठळक तारा नसल्याने दिशा होकायंत्रानेच ठरवावी, स्थानिक फरक वजा करून. दांडीही विरुद्ध बाजूला फिरवावी लागते, आणि मोटर असेल तर तिचे उत्तर-दक्षिण बटण बदलायला हवे.

काय पाहावे

सुरुवात नेहमी कमी शक्तीच्या आयपीसने. खोक्यावर "५०० पट" वगैरे छापलेले असते, त्याकडे दुर्लक्ष करा. १३० मिलिमीटरच्या दुर्बिणीची कमाल २६० पट, तीही अगदी शांत हवेत.

चंद्र पौर्णिमेला सपाट दिसतो. भिंतीवरच्या कालनिर्णयात शुद्ध सप्तमी-अष्टमी पाहून ठेवा. त्या संध्याकाळी उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या पडलेल्या असतात. गुरूचे चार चंद्र गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले, ते याहून साध्या दुर्बिणीतून. आज आणि उद्या त्यांच्या जागा वहीत काढायला मुलांना सांगा. शनीच्या कड्यांची धार मार्च २०२५ मध्ये पृथ्वीकडे होती, त्यामुळे त्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या. २०३२ च्या सुमारापर्यंत त्या अधिकाधिक उघडत जातील, म्हणजे दरवर्षी चित्र सुधारणारच आहे. हिवाळ्यात मृग नक्षत्र. बाणाच्या तीन ताऱ्यांखालच्या अंधुक ओळीत मधला "तारा" धुरकट दिसतो, तो तेजोमेघ आहे, सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर. तो आणि कृत्तिका या दोन गोष्टी उपनगरातल्या दिव्यांतही दिसतात. देवयानी दीर्घिकेसाठी मात्र गाडी काढून गावाबाहेर जावे.

नव्याने दुर्बीण घेणार असाल तर आमचा सल्ला वेगळा आहे. त्याच पैशांत लाकडी पेटीवर बसणारी डॉब्सोनियन घ्या. जोडायला दहा मिनिटे, आणि आरसा मोठा मिळतो. पण इक्वेटोरियल घरात असेलच, तर येत्या निरभ्र शनिवारी ती गराजमधून काढा आणि दुपारी चार वाजताच फाइंडर जुळवायला घ्या.