स्नोमोबाइलचा अपघात : विम्याच्या दाव्यात पहिले सात दिवस मोलाचे

कॅनडातील लांबलचक हिवाळ्यात स्नोमोबाइल हे हौसेचे आणि दुर्गम भागात गरजेचेही वाहन आहे. जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी १९५९ मध्ये क्युबेक प्रांतातून 'स्की-डू' बाजारात आणली आणि बर्फावरून भरधाव जाण्याची ही सवारी घरोघरी पोहोचली. त्याबरोबर अपघातही आले. बर्फाखाली दडलेला खडक, झाडाला बसलेली धडक, गोठलेल्या तलावावरील पातळ बर्फ यांपैकी कोणतेही एक कारण जायबंदी होण्यास पुरेसे ठरते. अशा वेळी उपचारांइतकेच महत्त्व विमा दाव्याच्या मुदतीला असते.

प्रांताप्रांतांत फरक

कॅनडात वाहन विम्याचे नियम प्रांतागणिक बदलतात. ओंटारियोत स्वतःच्या जमिनीबाहेर स्नोमोबाइल चालविण्यासाठी वाहन विम्याची पॉलिसी बंधनकारक आहे. घराच्या विम्यावर भागत नाही. ट्रेलवर फिरण्याचा परवाना म्हणजे विमा नव्हे, हेही ध्यानात ठेवावयास हवे. क्युबेकमध्ये चित्र वेगळे आहे. तेथील सरकारी मोटार अपघात योजना स्नोमोबाइलच्या अपघाताला सहसा लागू होत नाही. अपघातात धावत्या मोटारीचा संबंध असेल तरच ती लागू होऊ शकते. त्यामुळे तेथे वाहनमालकाला किमान १० लाख डॉलरचा दायित्व विमा घ्यावा लागतो. स्वतःच्या दुखापतीसाठी मात्र वेगळे संरक्षण घेतलेले बरे.

चूक स्वतःची असली तरी

'चूक आपलीच होती, मग दावा कसला?' असे समजून अनेकजण गप्प बसतात. ओंटारियोत हा समज नुकसानकारक ठरतो. तेथे जखमीला वैद्यकीय व पुनर्वसनाचा खर्च चूक कोणाची हे न पाहता मिळतो. मागे बसलेल्या व्यक्तीलाही हा हक्क आहे. दावा प्रथम स्वतःच्या, अथवा पती वा पत्नीच्या वाहन विमा कंपनीकडे करावयाचा असतो. घरात वाहन विमाच नसेल, तर ज्या स्नोमोबाइलवर अपघात झाला तिच्या विमा कंपनीकडे जावे लागते.

किरकोळ दुखापतीसाठी उपचारखर्चाची मर्यादा ३,५०० डॉलर आहे. त्याहून गंभीर दुखापतीसाठी मूळ पॉलिसीत ती ६५ हजार, तर अतिगंभीर स्वरूपाच्या अपंगत्वासाठी १० लाख डॉलर आहे. दुखापत कोणत्या वर्गात बसते यावरच बहुतेक वाद होतात. म्हणून पहिल्याच तपासणीत प्रत्येक तक्रार डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. विमा नसल्याचे ठाऊक असूनही वाहन चालविणाऱ्याला बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई मिळत नाही.

मुदतीचे गणित

अपघाताची सूचना विमा कंपनीला सात दिवसांच्या आत द्यावी लागते. त्यानंतर कंपनी अर्ज पाठवते. तो हाती आल्यापासून ३० दिवसांत भरून द्यावयाचा असतो. विलंबाला सयुक्तिक कारण असेल तर दावा आपोआप बाद होत नाही. मात्र ते कारण पटवून देण्याची जबाबदारी दावेदारावर येते. वाहनाच्या नुकसानीची भरपाई त्यासाठी ऐच्छिक संरक्षण घेतले असेल तरच मिळते. कंपनीने पाहणी करण्यापूर्वी वाहन दुरुस्त करू नये.

जागेवरची छायाचित्रे, ट्रेलचे नाव वा खूण, बर्फाची स्थिती, साक्षीदारांचे दूरध्वनी क्रमांक आणि पोलिस अहवाल ही कागदपत्रे मोलाची ठरतात. बर्फावरील खुणा काही तासांत पुसल्या जातात, म्हणून छायाचित्रे त्याच वेळी काढलेली बरी. हेल्मेट व फाटलेले कपडे फेकून देऊ नयेत.

कंपनीने लाभ नाकारला, तर नकाराच्या तारखेपासून दोन वर्षांत लायसन्स अपील ट्रायब्युनलकडे दाद मागता येते. अपघाताला दुसरा चालक कारणीभूत असेल, तर त्याच्याविरुद्धचा दिवाणी दावा ही स्वतंत्र बाब आहे.

भारतातून जाणाऱ्यांसाठी

मुलांकडे वा सहलीला गेलेल्या मराठी पर्यटकांची मदार बहुधा प्रवास विम्यावर असते. अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. स्नोमोबाइल त्यात मोडते काय, हे निघण्यापूर्वी कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. मद्यपान केलेले असल्यास दावा सहसा फेटाळला जातो. भाड्याने वाहन घेताना सही केलेल्या कागदाची प्रतही जवळ बाळगावी. अपघात होताच पॉलिसीवरील मदत क्रमांकावर कळवावे आणि मूळ बिले व रुग्णालयाचे कागद सोबत आणावेत.

भारतीय कंपनीने दावा नाकारल्यास आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही वा समाधान झाले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. ही सेवा विनाशुल्क असून, लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.