साखळीचे दुसरे टोक

वडिलोपार्जित जमिनीची वाटणी निघाली की आपल्या घरांत हिस्से तोंडपाठ असतात. मुलाला दोन, मुलीला एक. पण बांधावर उभे राहिल्यावर बहिणीचा तो 'एक' किती गुंठ्यांचा, हे आपण दुसऱ्यालाच विचारतो. अन्याय शिरतो तो नेमका येथूनच.

आपल्या परंपरेत हे दोन हिशेब एकमेकांपासून वेगळे नव्हते. खलिफा अल-मामूनच्या काळात (८१३-८३३) बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी याने बीजगणितावर ग्रंथ लिहिला. आपण त्याला बीजगणिताचा जनक म्हणून मिरवतो. पण त्या ग्रंथात वारसा आणि मृत्युपत्रांच्या वाटणीचा मोठा भाग आहे, आणि जमिनीच्या मसाहतीचेही, म्हणजे मोजमापाचेही, प्रकरण आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. वाटण्या, तंटे, व्यापार, जमीनमोजणी, कालव्यांची खोदाई यांत लोकांची जी गरज पडते तिच्यासाठी आपण लिहीत आहोत, असे तो सुरुवातीलाच सांगतो.

त्याचेच एक उदाहरण आपल्या शेतात आणू. मुंबई इलाख्यात १८३५-३६ साली इंदापूर तालुक्यातून जी नवी मोजणी सुरू झाली, तिने ३३ फुटांची, १६ आण्यांची साखळी रूढ केली. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

आता चारही बाजू ५-५ साखळ्यांच्या असलेले शेत घ्या. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज करायची, निम्मी करायची आणि गुणायचे, ही सोपी रीत. उत्तर आले २५ गुंठे. शेत काटकोनी असेल तर ते बरोबर. पण शेत तिरपे असेल आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण ८ साखळ्या भरला, तर? कर्णाने दोन त्रिकोण पडतात. प्रत्येकाचा पाया ८, उंची ३, क्षेत्र १२. एकूण २४ गुंठे. बाजू ५ आणि कर्ण ८ व ६, हा अल-ख्वारिज्मीचाच दाखला आहे. शेत आणखी तिरपे होऊन कर्ण ९.६ साखळ्या झाला, तर उंची उरते १.४ आणि क्षेत्र अवघे १३.४४ गुंठे. बांध तेवढेच, जमीन निम्म्याच्या आसपास!

या सोप्या रीतीचे उत्तर स्थूल असते, हे ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्येच सांगितले होते. नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्र ठरत नाही, कर्ण माहीत असावा लागतो, हे भास्कराचार्यांनी 'लीलावती'त ठणकावले. अकबराच्या आज्ञेवरून त्याच 'लीलावती'चे फैजीने १५८७ मध्ये फारसीत भाषांतर केले. ज्ञानाला तेव्हा कोणी धर्म विचारला नाही.

मात्र नुसते सूत्र पुरत नाही. अकबराच्या काळी मोजणीची तागाची दोरी ओली झाली की आखडत असे. म्हणून लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबू आले. पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याने याच मुलखात मोजणी करून धारा बसवला. मोजणीदारांनी लबाडी करू नये म्हणून तो मोजमापाचे एक टोक स्वतः हाती धरी, असे सांगतात. दिवाणाला त्यात कमीपणा वाटला नाही.

आपल्याला का वाटावा? सरकारी मोजणी होईलच, नकाशाही मिळेल. पण तो नकाशा पडताळण्यापुरता त्रिकोणाचा हिशेब आपल्या मुलांना, आणि मुलींना तर आवर्जून, आला पाहिजे. बहिणीला तिरपा तुकडा देऊन तो २५ गुंठे म्हणून लिहायचा आणि वर शरियतप्रमाणे वाटणी केली म्हणायचे, हे आपल्यात घडू नये. हिस्सा अल्लाहने ठरवून दिला आहे. कर्ण मोजायचे काम मात्र आपल्यावर सोपवले आहे.