दुसरं दार

प्रोग्रॅमचा पडदा (स्क्रीन) आणि हिशोब वेगळे ठेवा म्हटलं की आमच्या धंद्यातले पुष्कळजण हसतात. त्यांचा पूर्वपक्ष असा: ज्या दुकानाचा पडदा दहा वर्षांत बदलला नाही, तिथे हे सोवळं कशाला? प्रश्न रास्त आहे. आमच्या बाजूचं ठरलेलं उत्तर, 'उद्या पडदा बदलायचा झाला तर?', हेच मुळात लंगडं. तो उद्या बहुधा येतच नाही.

माझं मंडन उद्यावर उभं नाही. हिशोबाकडे जाणारं दुसरं दार आजच उघडं असतं.

नालासोपाऱ्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानाला मी प्रोग्रॅम लिहून दिला होता. बिलावरचं 'सेव्ह' दाबलं की त्या बटणाच्या कोडमध्येच जीएसटी निघे. पुढे कोटेशनचा पडदा हवा झाला, तेव्हा तोच कोड उचलून तिथे चिकटवला. 22 सप्टेंबर 2025 ला सिमेंटचा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. बिल दुरुस्त केलं, कोटेशन विसरलो. अर्नाळ्याच्या कॉन्ट्रॅक्टरने दोन्ही कागद काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवले. गोण्या तेवढ्याच शंभर, रकमा दोन. शेठ काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले.

अ‍ॅलिस्टर कॉबर्न यांनी 2005 मध्ये आपली 'हेक्झागोनल' रचना मांडली ती याच दुखण्यावर. (सहा बाजूंना अर्थ काही नाही, चित्रात जागा मिळावी म्हणून षट्कोन.) त्यांच्या लेखी माणूस, दुसरा प्रोग्रॅम आणि आपोआप चालणारी चाचणी ही एकाच तोलाची गिऱ्हाइकं. म्हणजे पडदा एकच असला, तरी चाचणी लिहिली की दारं दोन झाली.

यावर एक चांगला आक्षेप विरार स्टेशनवरच ऐकला. चर्चगेटचं तिकीट खिडकीवर मिळतं, एटीव्हीएमवर मिळतं, 2014 पासून मोबाइलवरही. भाडं सगळीकडे तेच. पण मोबाइलवर पेपरलेस तिकीट काढायचं तर स्टेशनबाहेर उभं राहावं लागतं, खिडकीला तसली अट नाही. म्हणजे नियम दारागणिक बदललाच ना? मला तसं वाटत नाही. फोन फक्त तुम्ही कुठे आहात ते सांगतो. टीसी दिसल्यावर घाईघाईने काढलेलं तिकीट चालवून घ्यायचं नाही, हे ठरवते रेल्वे. खिडकीच्या रांगेत उभं राहून टीसीला चकवता येत नाही, म्हणून तिथे अट लागत नाही, एवढंच. जागा कळवणं दाराचं काम, निकाल आतला.

सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मात्र मीही एकाच फाइलमध्ये लिहितो. दीड दिवसाच्या कामाला एवढे थर घालणं हाही अडाणीपणाच.

दुकानाचं पुढे सांगायचं तर, कर आता एकाच ठिकाणी निघतो, आणि तो वस्तूबरोबर तारीखही विचारतो. बिल, कोटेशन आणि माझी रात्रीची चाचणी, तिघंही तिथेच जातात. चाचणी रोज 21 आणि 22 सप्टेंबरच्या तारखा घालून शंभर गोण्यांची दोन बिलं काढते.