काचेतला समुद्र

दिवाळी आली की आपल्याकडची मुले अंगणाच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला रचतात. बुरूज उभे राहतात, हळीव पेरून रान उगवते, मावळे पहाऱ्याला बसतात आणि एखाद्या करवंटीत पाणी भरून तिला तळे म्हणतात. चार दिवस ते तळे झकास दिसते. पाचव्या दिवशी त्यावर तवंग धरतो आणि कोणीतरी ते ओतून देते. मोठ्या वस्तूची लहान प्रतिकृती करणे सोपे. ती जिवंत राखणे अवघड. मला आज सांगायचा आहे तो इतिहास याच अडचणीचा आहे. माणसाने समुद्राचा एक घोट उचलून काचेच्या भांड्यात घातला, त्यात प्रवाळ ठेवले आणि हा इवलासा समुद्र वर्षानुवर्षे जगावा कसा, या विवंचनेत त्याने जवळजवळ पावणेदोनशे वर्षे घालवली.

प्रवाळ म्हणजे पोवळे, आणि पोवळे म्हटले की आपल्याला अंगठीतला मंगळाचा खडा आठवतो. तो लाल खडा मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या एका जातीच्या प्रवाळाचा सांगाडा असतो. पण प्रवाळ स्वतः दगड नव्हे, झाडही नव्हे. तो प्राणी आहे. मऊ देहाचा, तोंडाभोवती बारीक बाहू असलेला हा जीव पाण्यातला चुना शोषून आपले घर बांधतो आणि जन्मभर त्या घराचा उंबरठा ओलांडीत नाही. ज्याला पळून जाता येत नाही, त्याला पाणी बिघडले की मरण्यावाचून गत्यंतर नसते.

अशा जिवाला समुद्रापासून दूर लंडन शहरात नेऊन जगवण्याचा पराक्रम एका गृहिणीने केला. तिचे नाव ॲना थिन. वेस्टमिन्स्टर ॲबे या प्रसिद्ध देवालयातल्या एका धर्माधिकाऱ्याची ही पत्नी. १८४६ साली ती टॉर्की नावाच्या समुद्रकाठच्या गावी गेली असताना तिथल्या खडकांवरचे लहान पेल्यासारखे प्रवाळ तिच्या नजरेस पडले. ते तिने बरोबर घेतले; प्रवासात हिसके बसू नयेत म्हणून सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजाला टाचले आणि दगडी बरणीतून लंडनला आणले. तिथे काचेच्या भांड्यांत त्यांचा संसार थाटला.

आता प्रश्न पाण्याचा. लंडनमध्ये समुद्राचे पाणी रोज कुठून आणायचे? आहे तेच पाणी वापरायचे तर ते कोंदट होऊ लागले. मग या बाईने एक युक्ती काढली. आपण तापलेले दूध निववायला या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओततो ना, तसे ते पाणी उघड्या खिडकीपाशी उभे राहून वरून खाली ओतायचे. रोज अर्धा-पाऊण तास हा उद्योग चाले. तो करी घरची लहानशी मोलकरीण. ॲनाबाईंनी १८५९ साली हे सारे एका विज्ञानविषयक नियतकालिकात लिहिले. त्या लेखात ही मुलगी केवळ दासी म्हणून येते, नावानिशी नव्हे. मला मात्र या सबंध इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पात्र तीच वाटते. किनाऱ्यावर लाट फुटताना पाण्यात हवा मिसळते. लंडनच्या खिडकीपाशी ते लाटेचे काम तिचे दोन हात करीत होते. पुढे आले ते सगळे शोध म्हणजे, या मुलीचे काम कोणावर सोपवायचे, एवढ्याच प्रश्नाची उत्तरे होत.

पहिले उत्तर ॲनाबाईंनीच काढले. १८४७ च्या वसंतात त्यांनी समुद्रातून जिवंत शेवाळ चिकटलेले दगडाचे व शिंपल्यांचे तुकडे मागवून भांड्यात सोडले. वनस्पती उजेडात प्राणवायू देते, तेव्हा हवेचे काम तिने करावे. प्रवाळ तगले, एवढेच नव्हे तर वाढले. इकडे रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनशास्त्रज्ञ हाच विचार गोड्या पाण्यात तपासून पाहत होता. त्याने एका टाकीत दोन सोनेरी मासे आणि पाणवेल ठेवली. वेलीची पाने कुजून पाणी गढूळ झाले, तेव्हा त्याने पाण्यातल्या गोगलगायी सोडल्या; त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. मासा, वनस्पती आणि झाडूवाली गोगलगाय, असे त्रिकूट त्याने १८५० मध्ये शास्त्रज्ञांपुढे मांडले.

पुढे फिलिप हेन्री गॉस याने हे ज्ञान घरोघर नेले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये गॉसचे पुस्तक निघाले. 'ॲक्वेरियम' हा शब्द रूढ झाला तो त्यानेच. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, आगगाड्या समुद्रापर्यंत धावत होत्या; मग काय, दिवाणखान्यातल्या काचपेट्यांचे वेडच पसरले. पण बहुतेक पेट्यांचा शेवट दुर्गंधीत झाला. लोकांनी हौसेपायी जीव फार भरले, पेट्या उन्हात ठेवल्या, पाणी तापले, एक मेला की त्याच्या कुजण्याने दुसरा मेला. दहा-पंधरा वर्षांत ही हौस ओसरली. जाता जाता तिने किनाऱ्याची लूट मात्र केली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात खडकांतली ती रम्य डबकी ओरबाडली गेल्याची खंत सांगितली आहे. वडिलांच्या पुस्तकांचाही त्याला हातभार लागला, हे त्याने लपवलेले नाही.

दुसरे उत्तर विल्यम आल्फर्ड लॉइड याचे. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने मत्स्यालय उभारले. लोकांना दिसत त्या टाक्यांतल्या पाण्याच्या कित्येक पट पाणी त्याने खाली अंधाऱ्या हौदात साठवले आणि पंपाने ते सतत फिरते ठेवले. साठा मोठा असला की बिघाड हळू होतो, हे मर्म त्याला उमगले होते. पण ज्याच्याजवळ घागरभरच पाणी आहे त्याने काय करावे?

त्याचे उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांपाशी निघाले. प्राण्यांच्या मलमूत्रातून आणि उरल्या अन्नातून पाण्यात अमोनिया येतो. तो विष आहे. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले की, सांडपाणी वाळूतून झिरपताना त्यातल्या अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर होते ते जिवंत जंतूंमुळे. १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जंतू वेगळे करून दाखवले. नायट्रेट पुष्कळच सौम्य. आणि सच्छिद्र दगडाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे राहणारे दुसरे जंतू त्या नायट्रेटचाही नत्रवायू करून हवेत सोडून देतात. ॲनाबाईंनी शेवाळासाठी म्हणून दगड मागवले. त्या दगडांबरोबर ही अदृश्य चाकरमंडळी फुकट आली होती!

दगडाचे हे महत्त्व ठसठशीतपणे पुढे आणले ते जाकार्ताच्या ली चिन एंग याने. १९६१ साली त्याने एका अमेरिकन मासिकात आपली रीत सांगितली : समुद्राचे पाणी, भरपूर ऊन, हवेचे बुडबुडे आणि प्रवाळखडकाचे जिवंत तुकडे. उष्ण समुद्रातल्या बहुतेक खडकबांधणाऱ्या प्रवाळांच्या देहात सूक्ष्म शैवाल राहते आणि उजेडात अन्न शिजवून यजमानाला देते. म्हणून ऊन हवे. पुढे १९८० मध्ये वॉल्टर एडी याने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात सबंध प्रवाळबेटाचाच नमुना उभा केला आणि पाणी निर्मळ राखण्याचे काम शेवाळाच्या गालिच्यांकडे दिले.

आज परदेशांत हौशी माणसे वीस लिटर पाण्यातही प्रवाळ वर्षानुवर्षे राखतात. त्यांच्या रीतीमागचे गणित मी शाळामास्तर म्हणून मांडून पाहिले, आणि ते पाचवीच्या मुलालाही समजेल. समुद्राच्या हजार भागांत सुमारे पस्तीस भाग क्षार असतात. वीस लिटरांतले एक लिटर वाफ होऊन गेले तर क्षार मागे राहतात आणि पस्तिसाचे जवळजवळ सदतीस होतात. म्हणून रोजची तूट रोज, आणि तीही शुद्ध गोड्या पाण्याने भरायची. आता घाणीचा हिशेब. समजा, नायट्रेट आठवड्याला एक भाग वाढतो. दर रविवारी दहावा हिस्सा पाणी बदलले तर तो वाढत वाढत दहा भागांवर थबकतो. कारण तेव्हा एक येतो आणि दहाचा दहावा हिस्सा, म्हणजे एकच, जातो. शिवाय नव्या पाण्याबरोबर प्रवाळांनी खाल्लेला चुना परत येतो. उलट तीन महिने स्वस्थ बसून एके दिवशी सगळे पाणी बदलले तर भांडे स्वच्छ होईल, पण तो धक्का प्रवाळाला सोसणार नाही. एकादशीला उपास आणि द्वादशीला मेजवानी, हे त्याला चालत नाही.

थोडक्यात, स्थैर्य ही एकदा मिळवून कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. जंतू आले, पंप आले, दिवे आले. तरी कोणीतरी रोज पाहावे लागते आणि थोडे थोडे करावे लागते. ती मोलकरीण अजून सुटलेली नाही.

या लहान भांड्याने शिकवलेला धडा आता मोठ्या समुद्रालाही लागू झाला आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल उष्णतेहून पाणी एखादा अंश अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. १९९८ साली लक्षद्वीपचे पुष्कळ प्रवाळ असेच गेले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या चौथ्या मोठ्या प्रवाळ-विरंजनाची घोषणा केली. समुद्र अथांग आहे, त्याला काय होणार, असे म्हणण्याचे दिवस गेले. माणसाने त्यालाही काचपेटी करून उन्हात ठेवले आहे.

आपल्याकडे खडकबांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे. समुद्रातून त्यांचा तुकडा उचलून घरी आणणे गुन्हा आहे. पण ते पाहायला परदेशी जायला नको. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास आपल्याच कोकणच्या पाण्यात प्रवाळ आहेत. या सुट्टीत तिकडे जाणार असाल तर मुलांना पाण्यात डोकावून ते दाखवा. हा दगड जिवंत आहे, हेही सांगा. आणि त्यांच्या खिशात एकही तुकडा येणार नाही, एवढे पाहा.